कमिशनसाहेब

जव्हारात माणसाला त्याच्या नावाने कोणी ओळखत नाही. एसटीडी बूथ बंद करून मला पंधरा वर्षं होऊन गेली. आता दुकानात झेरॉक्स, लॅमिनेशन आणि सातबाऱ्याच्या प्रिंटा निघतात, तरी गावाला मी बूथवालाच. तेव्हा दिल्लीहून निवृत्त होऊन सनसेट पॉइंटच्या अंगाला घर बांधून राहिलेल्या एका गृहस्थांना गावाने ‘कमिशनसाहेब’ करून टाकलं, यात गावाचा दोष नाही. आल्या आल्या कोणीतरी विचारलं, साहेब नोकरी कुठे होती? आणि त्यांनी भाबडेपणाने खरं सांगितलं, “कॉम्पिटिशन कमिशनमध्ये.”

कमिशन म्हणजे काय ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. जमिनीत असतं, बैलजोडीत असतं, लग्न जमवण्यात असतं. पहिल्याच महिन्यात दोघं-तिघं जण साहेबांच्या ओट्यावर बसून, चहा पिऊन, आवाज खाली आणून विचारून गेले, “तसं तुमचं किती टक्के असायचं?”

हे निस्तरायला साहेबांनी मराठी नाव सांगायला सुरुवात केली. भारतीय स्पर्धा आयोग. त्याने वेगळाच घोटाळा झाला. स्पर्धा म्हटलं की परीक्षा आणि आयोग म्हटलं की एमपीएससी. तलाठी भरतीची, वनरक्षक भरतीची पोरं वह्या घेऊन येऊ लागली, मागे त्यांच्या आया. साहेबांनी कोणाला परत पाठवलं नाही. ओट्यावर बसवून सगळ्यांना मागणी-पुरवठा शिकवला. त्यातला एक पोरगा वनरक्षक झालाही. तो लागला धावण्याच्या चाचणीत पुढे आला म्हणून. पण त्याची आई दर पावसाळ्याच्या तोंडाला साहेबांकडे शेवळाच्या जुड्या आणून टाकते. साहेब मला म्हणाले, “कारण एक आणि श्रेय दुसऱ्याला, हा गोंधळ मी पस्तीस वर्षं अहवालांत पाहिलाय. पण भाजी चांगली असते.”

अर्थतज्ज्ञ दोन जातींचे. एक टीव्हीवर बसून बजेटच्या दिवशी ओरडतात. दुसरे फाइलीत राहतात. त्यांचं नाव कुठे छापून येत नाही. ज्या पानावर त्यांचं आयुष्य गेलेलं असतं त्या पानावर ‘परिशिष्ट चार’ एवढंच लिहिलेलं असतं. आमचे साहेब दुसऱ्या जातीचे. पुण्याला गोखले संस्थेत शिकले आणि दिल्लीला गेले. तेव्हा 1969 चा मक्तेदारीविरोधी कायदा जोरात होता आणि मोठ्या घराण्याला कारखाना वाढवायचा तरी दिल्लीची परवानगी लागे. 1991 साली ती अट गेली. 1997 मध्ये टेलिफोनसाठी ट्राय हे प्राधिकरण आलं, तिकडे त्यांनी काही वर्षं कागद केले. 2009 मध्ये स्पर्धा आयोगाचं काम खऱ्या अर्थाने सुरू झालं, मग तिकडे. तिन्ही ठिकाणी मिळून त्यांनी काम एकच केलं: बाजारात किती जण आहेत ते मोजायचं आणि ते एकमेकांशी बोलतात का ते बघायचं. गावातल्या म्हाताऱ्या हे काम फुकट करतात, असं त्यांच्या पत्नीचं, म्हणजे वहिनींचं मत आहे.

मे महिन्यातसुद्धा अर्धं जाकीट, पायात मोजे आणि मोज्यांवर चपला. खांद्याला पिशवी, पिशवीत दोन फोन, दोन फोनांत चार सिमं, चार कंपन्यांची. पहिल्यांदा दुकानात आले ते रिचार्जला. मी विचारलं, चार कशाला? म्हणाले, “एकाच कंपनीचं ठेवलं तर माझं मत त्या बाजूला झुकलं असं कोणी म्हणायला नको.” निवृत्त होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्यांचं मत कोणीही विचारत नव्हतं.

मग त्यांनी मला विचारलं, “इथे रेंज कोणाची चांगली?”

मी म्हटलं, “कुठे उभं राहणार त्यावर आहे. पायरीवर एकाची, आतल्या कपाटापाशी दुसऱ्याची. तिसऱ्याची हवी असेल तर शिरपामाळाकडे जावं लागेल.”

शिरपामाळ म्हणजे 1664 च्या सुरतेच्या स्वारीला जाताना शिवाजी महाराज जिथे थांबले ती जागा. साहेबांनी वही काढून लिहून घेतलं. महाराजांचं नव्हे, कपाटाचं.

आमची खरी ओळख झाली ती माझ्या जुन्या पिवळ्या पाटीवरून. बूथ गेला, पण पाटी मी टाकली नव्हती. झेरॉक्स मशीनमागे उभी करून ठेवली होती, ओल अडवायला. साहेबांना ती दिसली आणि ते देवळात आल्यासारखे उभे राहिले. मग मी सांगत सुटलो. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, तेव्हा माझ्या दारात जत्रा असायची. आश्रमशाळेतले शिक्षक, फॉरेस्टचे लोक, बँकेत नवीन लग्न झालेला कॅशियर. काचेच्या आत एक माणूस बोलतोय, बाहेर दहा जण त्याच्या बायकोला काय झालंय ते ऐकतायत आणि समोर लाल आकडे पळतायत. पुढे मोबाइल आले तेव्हा मी हसलो होतो. कारण येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे. आमच्या एका ठेकेदाराने तालुक्यात पहिल्यांदा मोबाइल घेतला. तो वाजला की हा घाईने कापायचा आणि धावत माझ्या बूथवर येऊन त्या माणसाला उलटा फोन लावायचा. मोबाइलने माझा धंदा वाढवला होता!

साहेबांचे डोळे भरून आले असं मला वाटलं. पण ते आनंदाचे होते. “1995 मध्ये मिनिटाला आठ रुपये चाळीस पैसे, गर्दीच्या वेळी सोळा ऐंशी,” ते म्हणाले. “येणाऱ्याला आणि जाणाऱ्याला, दोघांनाही. ‘ग्राहक कॉल कापून सार्वजनिक फोनवर जातो’ असं मी लिहिलं होतं. वरिष्ठ म्हणाले, पुरावा काय? अहो बूथवाले, तुम्ही माझ्या परिशिष्टात होता!”

“म्हणजे?”

“जो फोन करेल त्यानेच पैसे द्यायचे, ही पद्धत आम्ही आणली. पहिला प्रयत्न दिल्ली उच्च न्यायालयात पडला, त्यामुळे तुम्हाला तीन वर्षं जास्त मिळाली. मे 2003 पासून येणारे कॉल फुकट झाले.”

मे 2003 मला नीट आठवतो. त्या सालापासून माझा गल्ला उतरायला लागला आणि पाच-सहा वर्षांत बूथचं गोदाम झालं. म्हणजे ज्या माणसाला मी खुर्ची देऊन चहा पाजत होतो त्याने माझं दुकान बसवलं होतं, आणि तो ते बक्षीस मिळाल्यासारखं सांगत होता. मी म्हटलं, “साहेब, माझी काय नुकसानभरपाई?” ते गंभीर झाले. “ग्राहकांचं कल्याण वाढलं ना.” मी म्हटलं, “वाढलं. मी आता त्यांचे आधार लॅमिनेट करतो.” त्या दिवसापासून खुर्ची त्यांचीच झाली. अपराधी भावनेने येत असतील असं मी धरून चाललो. ती नव्हती. माझ्या दुकानात पंखा आहे.

त्यांच्या बोलण्याची एक खोड सांगायला हवी. साध्या प्रश्नाला ते “बाजारपेठ कोणती धरायची त्यावर आहे” असं उत्तर देतात. आयोगात म्हणे भांडणाचा निम्मा वेळ याच्यातच जातो. एखादी वस्तू पाच टक्क्यांनी महागली तर गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं का, ही त्यांची कसोटी. ती त्यांनी एसटी स्टँडवर लावून पाहिली. मिसळ खात बसलेल्या एका ड्रायव्हरला विचारलं, “मिसळ तीन रुपयांनी महागली तर तुम्ही वडापावकडे वळाल का?” ड्रायव्हरने घास खाली ठेवला. “महागली काय?” आणि मालकाशी भांडायलाच उठला. साहेबांनी वहीत लिहिलं: मागणी संवेदनशील.

स्टँडवरच्या चहाचं प्रकरण याहून मोठं. शेजारी शेजारी दोन टपऱ्या. एके सोमवारी दोन्हीकडचा चहा दहाचा बारा झाला. साहेब माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर तारुण्य होतं. 2012 मध्ये आयोगाने सिमेंट कंपन्यांना सहा हजार कोटींच्या वर दंड ठोकला, तो त्यांच्या आयुष्यातला दिवाळीचा दिवस. (ते प्रकरण पुढे अपिलांच्या घाटात शिरलं, पण तो विषय मी काढत नाही.) एकाच दिवशी भाव वाढला म्हणजे संगनमत सिद्ध होत नाही, त्यांनी मला बजावलं, दूध महागलं असेल, साखर महागली असेल. संगनमताला पुरावा लागतो. आणि पुरावा मिळवण्याची कायद्यातली युक्ती अशी की टोळीतला जो पहिला कबूल होईल त्याचा सगळा दंड माफ होऊ शकतो. चोरांनीच एकमेकांआधी धावत यावं म्हणून.

ते डावीकडच्या टपरीवर गेले आणि हळूच म्हणाले, “तुम्ही आधी सांगितलंत तर तुम्हाला काही होणार नाही.”

टपरीवाला दचकला. आजूबाजूला पाहून म्हणाला, “साहेब, मी काय बी केला नाय. आईनी सांगितला बारा कर, मी केला.”

“आणि त्या शेजारच्याला कोणी सांगितलं?”

“आईनीच. तो भाऊस हाय माझा.”

साहेब परत आले ते पडलेल्या खांद्यांनी. एकाच कारभाराखालच्यांनी आपसात ठरवलं तर ते संगनमत होत नाही. कायद्याच्या नजरेत दोन टपऱ्या, एक आई, एकच धंदा. “निर्दोष,” ते म्हणाले, आणि बारा रुपयांचा चहा प्याले. मी विचारलं, भाऊ-भाऊ वेगळे निघाले तर? त्यावर मला अमेरिकेतल्या बेल कंपनीची वाटणी ऐकावी लागली. 1 जानेवारी 1984 ला सरकारने तिचे तुकडे पाडून सात प्रादेशिक कंपन्या केल्या, आणि पुढच्या वीस-बावीस वर्षांत त्या एकमेकींना विकत घेत पुन्हा दोन-तीन मोठ्या घरांत जमा झाल्या. आमच्याकडे उलटं आहे. एकदा बांध पडला की चार पिढ्या बोलणं नाही. भाऊबंदकीइतका कडक मक्तेदारीविरोधी कायदा जगात नसेल.

एका गोष्टीत मात्र मी त्यांना शिकवलं, आणि ती जव्हारचीच आहे. आमच्या मुकणे घराण्याच्या मूळपुरुषाबद्दल दंतकथा सांगतात. त्याने इथल्या वारली नाईकाकडे एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. नाईक हो म्हणाला. याने कातडं बारीक वादीसारखं कापत नेलं आणि त्या वादीने अख्खी टेकडी वेढून घेतली. साहेबांनी ही गोष्ट माझ्याकडून तीनदा ऐकली. “परवान्याची भाषा सैल,” ते म्हणाले. “‘मावेल’ची व्याख्या कुठाय? तुम्हाला ठाऊक आहे, दूरसंचारात हेच झालं.” कंपन्यांनी सरकारला महसुलातला हिस्सा द्यायचा असं 1999 च्या धोरणात ठरलं. महसूल म्हणजे काय यावर वर्षानुवर्षं खटला चालला. कंपन्या म्हणत फक्त फोनचा. सरकार म्हणे व्याज, भाडं, भंगार विकलं तेही. 24 ऑक्टोबर 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं मान्य केलं आणि कंपन्यांच्या डोक्यावर लाख कोटींच्या वर बोजा बसला. “या वेळी कातडं सरकारने कापलं,” असं म्हणून साहेब इतके खूश झाले की त्यांनी त्या दिवशी झेरॉक्सचे सुटे पैसे परत मागितले नाहीत.

दोन नियामकांत आधी कोणी बघायचं, ट्रायने की आयोगाने, यावरही डिसेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला होता. आधी ट्राय, मग आयोग. दोन्ही घरचं मीठ खाल्लेल्या साहेबांना त्या दिवशी जेवण गेलं नाही, असं वहिनी सांगतात. मला त्यात काही नवल वाटलं नाही. एसटीच्या खिडकीतून आधी कोणाचा रुमाल पडला, एवढाच तो वाद.

त्यांची बोलती बंद झालेली मी दोनदाच पाहिली. पहिली आठवडी बाजारात. वहिनी नागली घेत होत्या. त्या साहेबांना भाव करताना दहा पावलं लांब उभं करतात, कारण साहेबांना समोरच्याचीच बाजू आधी पटते. विकणाऱ्या म्हातारीशी साहेबांनी बोलणं काढलं, पूर्वी व्यापारी किती होते? म्हातारी म्हणाली, “पाच दुकानां होती. काटा एकच.” पाचही जण पावसाळ्यात मीठ-मिरची उधार द्यायचे आणि सुगीला नागली-वरी आपल्या मापाने, आपल्या भावाने न्यायचे. साहेब हरखले, संगनमताचं इतकं नीट वर्णन त्यांना कुठल्या वकिलाकडून मिळालं नव्हतं. “मग?” “मंग सरकारनी सांगतला, दुसऱ्या कोणाला इकायचा नाय, आमालाच इका.”

हे खरं आहे. 1976 चा आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्याचा कायदा, त्याखाली नाशिकच्या आदिवासी विकास महामंडळामार्फत एकाधिकार खरेदी. एकाधिकार! आयुष्यभर ज्या शब्दाचं नाक दाबलं तो शब्द सरकारने स्वतःच्या योजनेच्या कपाळावर लावला होता, आणि तोही अन्याय थांबवायला. साहेबांनी विचारलं, “आणि बरं कधी होतं, आजी? पाच जण होते तेव्हा, की एकच होता तेव्हा?”

म्हातारीने विचार केला. “एक बरा. पन तो येल तवा येल. पोराला ताप आज येतो.” मग नागलीची अधोली वहिनींच्या पिशवीत रिकामी करत म्हणाली, “तवा परत त्या पाचातलाच कोनीतरी.”

साहेबांनी वही काढली नाही. परत येताना ‘समजा’ने सुरू होणारी तीन वाक्यं त्यांनी सुरू केली आणि तिन्ही अर्धवट सोडली. माझ्या मते त्या अर्धवट वाक्यांत त्यांच्या सगळ्या अहवालांपेक्षा जास्त अर्थशास्त्र होतं, पण हे त्यांना सांगायची सोय नाही, पुरावा मागतील.

दुसरी वेळ मोखाड्याकडची. त्यांचं एक लाडकं सूत्र आहे. प्रत्येक कंपनीचा बाजारातला हिस्सा टक्क्यांत घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि सगळे वर्ग मिळवायचे. एकटीच कंपनी असली तर शंभराचा वर्ग, दहा हजार; म्हणजे पुरती मक्तेदारी. आकडा शून्याकडे जाईल तशी स्पर्धा निर्मळ. जव्हारचा आकडा त्यांनी काढला होता, आता मोखाडा तालुक्याचा काढायचा होता. मी मोटरसायकलवर मागे बसवून नेलं. एका पाड्यावर एकच टॉवर पोचत होता. दाराच्या खांबाला खिळा, खिळ्याला प्लास्टिकची पिशवी, पिशवीत घरातला फोन. रेंज खिळ्यावर यायची, बाकी घरात नाही. बोलायचं तर खांबाला कान लावून. साहेबांनी नोंद केली: दहा हजार.

पुढच्या पाड्यावर खिळाही नव्हता. चारही सिमं काढून पाहिली. एक पोरगा आमची गंमत बघत उभा होता. तो म्हणाला, फोन लावायचा तर त्या टेकडीवर, लॉकडाउनमध्ये शाळा पण तिथेच होती. साहेब दगडावर बसले आणि गणित मांडलं. कंपन्या शून्य, हिस्से शून्य, वर्ग शून्य, बेरीज शून्य.

मी वाकून पाहिलं. “म्हणजे आदर्श स्पर्धा,” मी म्हटलं.

“नाही. शून्य भागिले शून्य. उत्तरच नाही येत,” ते म्हणाले. बराच वेळ वहीकडे बघत बसले. मग म्हणाले, ज्या गावांत टॉवर नाही अशा 24,680 गावांसाठी जुलै 2022 मध्ये केंद्राने सव्वीस हजार कोटींची योजना मंजूर केली आहे. त्याआधी वीस वर्षं प्रत्येक कंपनीच्या महसुलातून याच कामासाठी पाच टक्के कापले जात होते. पैसे गोळा करण्याच्या टिपणावर त्यांचीही सही होती.

“हा पाडा आहे का यादीत?” पोराने विचारलं.

“यादी ऑनलाइन आहे,” साहेब म्हणाले आणि गप्प झाले. टेकडीकडे बघितलं, पायातल्या मोज्यांकडे बघितलं. पोरगा पुढे, साहेब मागे, असे दोघे चढायला लागले. मी खाली मोटरसायकलपाशी थांबलो. तासाभराने उतरले. यादी उघडली नाही, चक्र फिरत राहिलं. पण वर असताना त्यांच्या अमेरिकेतल्या मुलाचा फोन आला होता आणि चार मिनिटं स्वच्छ बोलणं झालं. जव्हारात महिनाभर तसं झालं नव्हतं.

यंदा गुढीपाडव्याला माझ्या दुकानासमोर दुसरं झेरॉक्सचं दुकान उघडलं. नवं मशीन, रंगीत प्रिंट, पान पन्नास पैशांनी स्वस्त. मी सकाळपासून शटर अर्धं खाली ओढून बसलो होतो. साहेब आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन.

“अभिनंदन!” ते म्हणाले.

“कशाचं?”

“तुमच्या बाजारात स्पर्धक आला. आता तुम्ही कार्यक्षम व्हाल.”

मी पेढा खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी साहेब काखोटीला कागद घेऊन आले, माझ्या दुकानावरून सरळ पुढे गेले, समोर चाळीस पानं झेरॉक्स केली आणि रस्ता ओलांडून परत आले. माझ्या खुर्चीवर बसले, पंखा दोनचा तीनवर केला आणि त्या चाळीस पानांवर पेन्सिलने खुणा करायला लागले. समोरच्या दुकानात बसायला जागा नाही.

दोन दिवस मी काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, “साहेब, माल एकाकडून घ्यायचा आणि सोय दुसऱ्याची वापरायची, याला तुमच्या शास्त्रात काही शब्द आहे का?”

“आहे,” ते मान वर न करता म्हणाले. “फुकट्या. पण तो आम्ही सहसा कंपन्यांना लावतो.” मग पान उलटलं. “चहा सांगा ना. डावीकडच्याचा.”

“दोन्ही एकाच आईचे आहेत, साहेब.”

“तरी पण,” साहेब म्हणाले. “मागच्या वेळी उजवीकडचा झाला होता.”